अंगातलं दुसरं कोणीतरी : कोकणातल्या भयकथेतले परजीवी आणि बाधा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गेली बारा वर्षं मी भयकथा लिहिते. आषाढ-श्रावणात वेंगुर्ला, कुडाळ, मालवण या बाजूला वाचनालयांतून, कधी कुणाच्या पडवीत बसून त्या सांगतेही. गोष्ट संपली तरी लोक लगेच उठत नाहीत. आधी कुणीतरी आपल्या घरात घडलेलं काही सांगतं आणि मग प्रश्न सुरू होतात. नव्यानं लिहिणारी मुलंमुली फोन करतात, त्यांचे प्रश्नही बहुतेक हेच असतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे.

कृमी-किडे हा विज्ञानाचा विषय, भूत लागणं हा श्रद्धेचा. दोन्ही एका गोष्टीत कशाला आणायचे?

ते आपल्या भाषेत आधीपासूनच एकत्र आहेत. डेंग्यूची बाधा होते, विषाची बाधा होते आणि भुताचीही बाधाच होते. साथीची लागण होते आणि तिन्हीसांजेला नको त्या वाटेनं गेलेला लागीर होतो. दोन्हीकडे 'लागणं' आलंच. विंचवाच्या विषावर उतारा असतो, आणि तिठ्यावर ठेवलेला दहीभातही उताराच. ही भाषा घडवणाऱ्या माणसांनी रोग आणि भूत यांच्यासाठी वेगळे शब्द शोधले नाहीत, कारण त्यांना दोन्हीकडे एकच गोष्ट दिसत होती : अंग हे घर आहे, त्यात बाहेरचं कोणीतरी शिरलं आहे आणि ते आता आपल्या जिवावर जगतं आहे.

म्हणून परजीवीची गोष्ट लिहिताना कुणाचंही अनुकरण करण्याची गरज नाही. 'बाधा' हा शब्द नीट ऐकला तरी सुरुवात सापडते.

'झाड' म्हणजे नेमकं काय?

ज्याच्या अंगात येतं, तो माणूस म्हणजे झाड. 'झाड घुमायला लागलं', 'झाड बोललं', असं जुनी माणसं सहज म्हणतात. या एका शब्दात कोकणातली अख्खी भयकथा आहे असं मला वाटतं, कारण झाडावर कोणीतरी येऊन बसतं हे आम्ही रोज पाहतो.

आंब्याच्या कलमावरचं बांडगूळ पाहा. फुलटोच्या नावाचा अंगठ्याएवढा पक्षी त्याची फळं खातो. बी इतकं चिकट असतं की पक्ष्याला ते फांदीवर घासून सोडवावं लागतं. तिथेच ते रुजतं. त्याचं मूळ मातीकडे जात नाही, ते फांदीच्या सालीत शिरतं आणि झाडानं जमिनीतून ओढलेलं पाणी आणि क्षार आपल्याकडे वळवतं. पानं त्याची स्वतःची, हिरवीगार, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला फांदी जोमात आहे असंच वाटतं. बांडगुळाच्या पुढचा फांदीचा भाग मात्र हळूहळू वाळत जातो. बागायतदाराला हे कळतं, म्हणून तो नुसतं बांडगूळ ओरबाडत नाही, त्याच्या खालून फांदीच कापतो.

आता झाडाच्या जागी माणूस ठेवा. मुंबईहून आजारी होऊन परत आलेला धाकटा मुलगा. चार महिन्यांत त्याचं अंग भरतं, गाल वर येतात, घरातले खूश होतात. फक्त म्हाताऱ्या आजीला, जिनं आयुष्यभर कलमं सांभाळली, ती हिरवळ ओळखीची वाटते. तिला हेही ठाऊक आहे की फांदी खालून कापावी लागते. ही गोष्ट मी तीनदा लिहायला घेतली. अजून पुरी झालेली नाही.

देवाचा अवसर आणि भुताची बाधा, दोन्हीत अंगातच येतं ना? मग फरक काय?

फरक कराराचा आहे. सिंधुदुर्गात दसऱ्याला देवाचे तरंग, म्हणजे वस्त्रांनी सजवलेले देवाचे खांब, बाहेर पडतात, ढोल वाजतो आणि ठरलेल्या माणसाच्या अंगात वारं येतं. मानकरी गाऱ्हाणं घालतात, देव बोलतो, कुणाचा तंटा मिटतो, कुणाला धीर मिळतो. मग अवसर उतरतो. तो माणूस तांब्याभर पाणी पितो, घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी आपल्या कामाला लागतो. दिवस, जागा, माणूस, निरोप घेण्याची रीत, सगळं ठरलेलं. हे अंग गावानं देवाला थोड्या वेळापुरतं दिलेलं असतं.

बाधेत कुणी काही दिलेलं नसतं आणि परत जाण्याची वेळही ठरलेली नसते. डॉक्टरसुद्धा हा भेद मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात अंगात येण्याच्या विकाराची नोंद आहे, पण समाजाच्या मान्य धार्मिक विधीत जे घडतं त्याला तिथे विकार म्हटलेलं नाही. आपण लिहितानाही हा भेद पाळावा. गावाच्या अवसराला वेडाचार ठरवून लिहिलेली गोष्ट मला उथळ वाटते.

खरं भय या दोहोंच्या मधोमध आहे. ढोल थांबला, लोक पांगले, देवळातले दिवे मालवले आणि तरंग धरणारा अजून घुमतोच आहे. मानकऱ्यांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं. त्यानं मान वर केली आणि ओळख न पटलेल्या माणसाकडे पाहावं तसं त्यांच्याकडे पाहिलं. इथून पुढे लिहा.

कोकणात धरणारी भुतं कोणती?

पुष्कळ आहेत, पण गोष्टीसाठी नावांपेक्षा त्यांच्या जागा जास्त उपयोगी. मुंजा पिंपळावर. समंध आपल्या जुन्या घराला आणि पुरलेल्या धनाला चिकटून. गिऱ्हा पाण्यात : बुडून मेलेल्याचं भूत, जे वाटसरूला हाक मारून, उथळ पाणी आहे असं भासवून खोलात नेतं. साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात जणी, डोहावर, आणि त्यांची वेळ भर दुपारची. हडळ, जखीण, लावसट ही मेलेल्या बायकांची भुतं, त्यांच्याविषयी पुढे लिहिलं आहे. देवचार वेगळा, तो वेशीचा राखणदार. त्याला वर्षाची राखण, म्हणजे ठरलेला मान, दिली की तो गाव सांभाळतो. आरवलीच्या वेतोबाला भक्त केळ्यांचे घड आणि मोठाल्या चामडी चपला वाहतात. देव रात्री गावभर फिरतो, म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे.

परजीवीही असेच जागेचे पक्के असतात. बांगडा साफ करताना कल्ल्याच्या पोकळीत कधी कधी एक पांढुरकं, बरेच पाय असलेलं किडूक सापडतं. मासळी कापणाऱ्या बायका ते बोटानं उडवून पुढचा मासा घेतात. नोरिलेका इंडिका नावाचा हा परजीवी बांगड्याच्या कल्ल्यातच घर करतो. एवढ्या मोठ्या दर्यात त्याला तेवढीच जागा हवी असते. भूत कुठे बसतं हे ज्याला नेमकं सांगता येतं, त्याची गोष्ट निम्मी झाली असं समजा.

परजीवी खरोखर दुसऱ्याला आपल्या मर्जीनं चालवतो का? की हे सिनेमावाल्यांनी वाढवलेलं आहे?

खरोखर चालवतो. मुंगीवरच्या बुरशीबद्दल आता बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. ऑफिओकॉर्डिसेप्स नावाची ही बुरशी लागलेली मुंगी आपली वाट सोडते, एखाद्या रोपावर थोडं वर चढते, पानाच्या शिरेत जबडा रुतवते आणि तशीच मरते. मग तिच्या डोक्यातून बुरशीचा देठ उगवतो. पण यातला अंगावर काटा आणणारा भाग सहसा कुणी सांगत नाही. २०१७ मध्ये संशोधकांनी अशा मुंग्यांची अंगं आतून तपासली, तेव्हा बुरशीच्या पेशी स्नायूंभोवती जाळं करून बसलेल्या सापडल्या, मेंदूत मात्र त्या शिरलेल्या नव्हत्या. म्हणजे पाय दुसऱ्याच्या ताब्यात, आणि मुंगीचा मेंदू तसाच जागच्या जागी.

रातकिड्याच्या पोटात एक केसासारखा लांब कृमी वाढतो. त्याला अंडी घालायला पाणी लागतं. वेळ झाली की तो रातकिडा, जो एरवी पाण्याच्या वाटेला जात नाही, पाण्यात उडी घेतो आणि कृमी वळवळत बाहेर पडतो. गिऱ्हाची हाक आणि ही उडी मला एकाच चालीतल्या वाटतात.

आणि खेकडा. सॅक्युलिना हा परजीवी खेकड्याच्या अंगात मुळांसारखा पसरतो आणि पोटाखाली, जिथे मादी आपली अंडी सांभाळते नेमकी तिथे, आपली पिशवी बाहेर काढतो. खेकडा ती आपलीच अंडी समजून साफ ठेवतो, तिला वारा घालतो. नराला बाधा झाली तर त्याचं पोट मादीसारखं रुंद होतं आणि तोही आईसारखा वागू लागतो. पुढे त्याला स्वतःची पिल्लं कधीच होत नाहीत. मूल नसलेल्या घरात दाराशी कुणीतरी आणून ठेवलेलं बाळ, अशी गोष्ट ज्याला लिहायची असेल त्यानं आधी या खेकड्याविषयी वाचावं. कावळ्याच्या घरट्यातलं कोकिळेचं पिल्लू तर आपण लहानपणापासून ऐकत आलो. तीही बाधाच, पण गोड गळ्यामुळे आपण तिला माफ केलं.

माणसाच्या बाबतीत असं काही होतं का?

मुंगीसारखं नाही. माणूस बाहुली होऊन चालू लागला असा परजीवी मला माहीत नाही. पण माणसाच्या अंगात राहून आपलं वेळापत्रक चालवणारे आहेत.

हत्तीरोगाच्या कृमीची पिल्लं दिवसा फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री कातडीजवळच्या रक्तात येतात, कारण त्यांना वाहून नेणारा डास रात्री चावतो. म्हणून या रोगासाठी रक्ताचा नमुना रात्री दहा ते दोनच्या सुमारास घेतात. किनाऱ्यावरच्या गावांत आरोग्य कर्मचारी बॅटरी घेऊन मध्यरात्री घरोघर गेलेले आहेत. झोपेतून उठवलेली मुलं, कंदिलाच्या उजेडात पुढे केलेलं बोट, आणि नेमकं त्याच वेळी रक्तातून वर येणारं काहीतरी. यात लेखकानं स्वतःचं काही घालायची गरजच नाही.

दुसरा नारू. गढूळ पाण्यातून तो पोटात जाई आणि वर्षभर काही कळत नसे. मग पायाला फोड येई आणि अशी आग होई की माणूस धावत जाऊन पाय विहिरीच्या नाहीतर तळ्याच्या पाण्यात बुडवी. नारूच्या मादीला तेच हवं असे. पाणी लागताच ती आपली पिल्लं त्यात सोडी आणि तेच पाणी पुन्हा गाव पिई. हातभराहून लांब असलेला तो कृमी काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढत बाहेर काढावा लागे. मध्येच तुटला तर जखम चिघळे. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. हे काम औषधानं झालं नाही. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून, पाणी फडक्यानं गाळून प्यायला लावून झालं. ज्या पिढीनं ती काडी पाहिली, ती माणसं अजून आहेत. त्यांना विचारा, आणि लवकर विचारा.

कोकणातलाच एखादा खरा परजीवी, ज्यावर मोठी गोष्ट उभी राहील?

गिमवी.

रत्नागिरी जिल्ह्यातलं हे गाव वैद्यकाच्या पुस्तकांत आहे, पण आमच्यापैकी फार थोड्यांना त्याची ही ओळख माहीत आहे. तिथल्या लोकांच्या लघवीतून रक्त जात होतं. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शाह यांनी त्यामागचा कृमी नोंदवला : शिस्टोसोमा हिमॅटोबियम. हा आफ्रिकेत आणि अरबस्तानाकडे आढळणारा रोग. भारतात माणसामाणसांत पसरलेला त्याचा ठावठिकाणा म्हणून गिमवीचंच नाव घेतलं जातं.

त्याचं चक्र असं. लघवीतून अंडी पाण्यात जातात. तिथे त्यांना एका विशिष्ट गोगलगाईत शिरावं लागतं. गिमवीत ती फेरिसिया नावाची, दगडाला टोपीसारखी चिकटलेली, नखाच्या टोकावर मावेल एवढी गोगलगाय होती. तिच्यातून दुभंगलेल्या शेपटीची पिल्लं बाहेर पडतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या धड कातडीतून काही मिनिटांत आत शिरतात. जखम लागत नाही. शिरलेलं कळत नाही. मग नर आणि मादी मूत्राशयाभोवतीच्या शिरांमध्ये वर्षानुवर्षं राहतात, मादी नराच्या अंगाच्या खोबणीत.

या जातीची पिल्लं गोगलगाईतून बहुतेक दिवसा, ऊन वर आलं की बाहेर पडतात. माझी आजी म्हणायची, 'दुपारच्या व्हाळार जाव नको गो, आसरा धरतत.' आसरांची समजूत या कृमीमुळे पडली असं मी म्हणणार नाही. आसरा महाराष्ट्रभर आहेत आणि हा कृमी एका गावात होता. पण कथा लिहिणाऱ्याला दोन गोष्टी शेजारी ठेवण्याचा हक्क आहे. भर दुपारी पाण्यात उतरू नये, तिथलं कोणीतरी आपल्यासोबत घरी येतं. हे वाक्य आजीच्या तोंडी जेवढं खरं आहे, तेवढंच डॉक्टरच्या तोंडी.

ही जुनी गोष्ट आहे, आज गिमवीच्या वाटेनं जाताना कुणी घाबरू नये. आणि लिहिताना गाव घाणेरडं होतं असं चुकूनही लिहू नका. लोक नदीवर अंघोळ करत होते, कपडे धूत होते, मुलं डुंबत होती. यापलीकडे त्यांनी काहीच केलं नव्हतं.

आजचं उदाहरण हवं असेल तर माकडताप आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला आणि २०१६ पासून दोडामार्ग, बांदा या भागात आला. गोचिडीतून विषाणू येतो, रानात मेलेली माकडं दिसू लागतात आणि काजूच्या बागेत पाचोळ्यात वाकून काम करणाऱ्याला ताप चढतो. काजूचा हंगाम आणि तापाचे महिने एकच. तिथल्या माणसांनी हे अलीकडे सोसलं आहे, त्यामुळे त्यावर लिहिणाऱ्यानं आधी त्यांच्याशी बोलावं.

लिहिताना परजीवी आणि भूत यांत सर्वांत मोठा फरक कोणता मानायचा?

भुताशी बोलता येतं. कृमीशी येत नाही.

बाकीचे सगळे फरक यातून निघतात, म्हणून इथे थोडी थांबते. भूत लागलं की आपल्याकडे पहिला प्रश्न काय असतो? 'कोण तू? खयसून इलंस? काय होया तुका?' नाव, गाव, मागणी. भुताला नाव असतं, म्हणजे त्याला भूतकाळ असतो. मागणी असते, म्हणजे तोडगा निघू शकतो : कोंबडा, नारळ, राहिलेलं श्राद्ध, बळकावलेल्या जमिनीचा कबुलीजबाब. भुताची गोष्ट ही मुळात वाटाघाटीची गोष्ट असते. ते ओरडतं, शिव्या देतं, पण त्याला आपल्याकडून काहीतरी हवं असतं आणि ते आपण देऊ शकतो.

कृमीला आपल्याकडून काही नको, त्याला आपणच हवे. त्याचा राग नाही, सूड नाही. मुंजाला आपलं नाव माहीत असतं, कृमीला आपण माणूस आहोत हेसुद्धा माहीत नसतं. त्याच्यापुढे नारळ फोडून काय करणार?

म्हणून लिहायला बसण्याआधी ठरवा : आत जे आहे ते बोलणारं आहे की मुकं? बोलणारं असेल तर संवादावर मेहनत घ्या आणि त्याची तक्रार खरी ठेवा. मुकं असेल तर घरातल्या माणसांवर लक्ष द्या, कारण बोलणारी तीच उरतात. ती प्रश्न विचारत राहतात आणि उत्तर येत नाही. तिसरा प्रकार सर्वांत कठीण : मुकं आहे, पण घरातल्यांना ते बोलतंय असं वाटतं. चांगल्या गोष्टी बहुधा इथे सापडतात.

बायकांच्याच अंगात जास्त का येतं?

हा प्रश्न बहुतेक वेळा बाईच विचारते, तोही सगळे गेल्यावर.

बाळंतपणात किंवा गरोदर असताना मेलेल्या बाईची हडळ होते, जखीण होते, असं आपण ऐकतो. या भुतांच्या यादीकडे नीट पाहिलं तर ती जुन्या काळातल्या बायकांच्या मरणाची यादी आहे. आणि त्या कुणाला धरतात? बहुतेकदा नव्या सुनेला, वांझ म्हणून टोमणे ऐकणारीला, नवरा मुंबईला असलेल्या बाईला. सासऱ्यासमोर जिचा आवाज कधी निघाला नाही, ती अंगात आल्यावर त्याला एकेरीत बोलते. जेवायला काय हवं ते मागते. आणि त्या वेळी तिचं ऐकलं जातं.

यावरून ती नाटक करते असं लिहू नका. मला हे वाचलं की राग येतो. जे बोलायची सोय कुठेच नाही ते अंग आपल्या वाटेनं बाहेर काढतं, आणि ते घडताना तिला ते आपलं वाटतही नसतं. तिचा त्रास खरा, तिचं बोलणंही खरं. गोष्टीत भुताला घालवण्याची घाई करू नका. ते काय म्हणालं ते घरातल्या कुणीतरी लक्षात ठेवलं का, हे पाहा.

परजीवी म्हणून एखादं माणूसपात्र रंगवलं तर?

रंगवा, पण कुणाला परजीवी म्हणताय ते दहादा तपासा. आश्रित विधवा काकू, परगावाहून आलेला खलाशी, बागेत राबायला आलेलं कुटुंब, यांना 'बांडगूळ' म्हणणारी माणसं आपल्या आसपास आहेत. भयकथेनं त्यांच्या हाती आणखी एक शब्द देऊ नये.

कोकणात पोसणारा कोण आणि पोसला जाणारा कोण, याचा हिशोब जुना आहे. खोतीत कूळ राबायचं आणि धान्य खोताच्या कोठारात जायचं. त्याविरुद्ध अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी वर्षानुवर्षं जमीन न कसता संप केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती कायद्यानं गेली स्वातंत्र्यानंतर. पडक्या वाड्यातला खोताचा समंध, जो अजून दर सुगीला मापं घेऊन खळ्यावर येतो आणि ज्याचं मापटं कधीच भरत नाही, ही परजीवीची गोष्ट मला जास्त न्याय्य वाटते.

भगत, घाडी, देवरुषी यांना कसं दाखवावं?

माणूस म्हणून. काही घाडी गावाचं शहाणपण सांभाळणारे होते आणि काहींनी माणसं मारली, दोन्ही खरं आहे. पण भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं याचं वर्णन चवीनं करू नका. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानं हा गुन्हा आहे : सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. तुमच्या गोष्टीचा काळ आजचा असेल तर गावात कुणाला तरी हा कायदा माहीत असणारच, आणि तो माणूस गप्प का बसला हीसुद्धा गोष्टच.

मालवणीत लिहू की प्रमाण मराठीत?

निवेदन कशातही करा. भुताचं बोलणं मात्र ते ज्या गावात मेलं तिथलं हवं. मुंबईत वाढलेली, मालवणी न येणारी नात अचानक अस्सल मालवणीत 'मी खय जावचंय नाय' म्हणाली, तर दुसरं काही घडायची गरज उरत नाही.

आमच्या घरात कुणाला खरंच असं होतंय. काय करू?

डॉक्टरकडे न्या. देवाचं जे करायचं ते करा, पण डॉक्टर टाळू नका. झटके, अचानक बदललेलं वागणं, असंबद्ध बोलणं यामागे मेंदूचा आजार असू शकतो आणि त्यातले बरेच बरे होतात. मनाच्या त्रासासाठी 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

तुम्ही स्वतः काही पाहिलं आहे का?

आमच्या वाडीतल्या एका काकीला मी दहावीत असताना झटके यायला लागले. आधी डावा हात कापायचा, मग ती पडायची. शुद्धीवर येता येता अर्धवट बोलायची, आणि ते बोलणं एरवीच्या तिच्यासारखं नव्हतं. दीरांनी सह्या कशा घेतल्या, माहेरचे दागिने कुठे गेले, कुठल्या रात्री कोण कुणावर ओरडलं, सगळं. घरच्यांनी ठरवलं की तिची मेलेली सासू बोलतेय. वर्षभर उतारे झाले. प्रत्येक वेळी तिला विचारायचे, 'कोण तू?' आणि ती फक्त बघत राहायची.

शेवटी माहेरच्यांनी तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. मेंदूच्या फोटोत एक गाठ दिसली, ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी. फीतकृमीचं पिल्लू. डुकराच्या मांसातून येणाऱ्या या कृमीची अंडी दूषित पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून, कुणाच्या हातातूनही पोटात जातात. त्यामुळे आयुष्यात मांस न खाल्लेल्यालाही हा आजार होतो. आत गेलेलं पिल्लू मेंदूत गप्प बसून राहतं आणि ते मरायला लागलं की भोवती सूज येऊन झटके सुरू होतात. काकीला गोळ्या दिल्या. झटके थांबले. सासू परत आली नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी, मी लिहायला लागल्यावर, तिच्या मागल्या दारी आम्ही दोघी आमसुलं उलटत बसलो होतो. मी तिला त्या फोटोबद्दल विचारलं. तिनं तो अजून ट्रंकेत जपून ठेवला होता. म्हणाली, 'किडो गेलो, ता बरा झाला. पण तेव्हा मी जा काय बोललंय, ता सगळा खरा होता गो. त्या किड्याक ता कसा म्हायत?'